गोबरगॅस असूनही चूल का पेटत नाही? – पाचकातील हायड्रोजन आणि जिवाणूंचे परस्परावलंबन

पौष महिन्यात दिल्लीच्या भोवतालच्या गावांत गोबरगॅस संयंत्राविषयी एक तक्रार हमखास ऐकू येते. घुमटात दाब असतो, नळीतून वायू येतो, पण चूल पेटत नाही. पेटलीच तर ज्योत फडफडून विझते. अशा वेळी शेतकरी बहुधा एकच उपाय करतो. शेण कमी पडत असावे असे समजून तो दुसऱ्या दिवसापासून दोन घमेली अधिक शेण कालवतो. काही दिवसांत निकास कुंडीतून येणाऱ्या रबडीला आंबूस, खवट वास येऊ लागतो. पुढे संयंत्र तसेच सोडून दिले जाते आणि गोठ्यामागे पुन्हा गोवऱ्यांचे रचे उभे राहतात. ज्या प्रदेशाची हिवाळ्यातील हवा आधीच धुराने जड झालेली असते, तेथे हे नुकसान एका घरापुरते राहत नाही.

महाराष्ट्रात एवढी थंडी पडत नाही, परंतु वसतिगृहे, खाणावळी, मंगल कार्यालये यांच्या उरलेल्या अन्नावर चालणाऱ्या संयंत्रांत हाच प्रकार बाराही महिने दिसतो. दोन्ही ठिकाणचे कारण मुळात एकच आहे. ते समजून घेण्यासाठी मिथेनआधी हायड्रोजनकडे पाहावे लागते. गोबरगॅसमध्ये मिथेन साधारणपणे ५५ ते ६० टक्के, कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४० टक्के आणि हायड्रोजन नाममात्र असतो. तो नाममात्र असणे हेच निरोगी संयंत्राचे लक्षण आहे. पाचकात हायड्रोजन सतत आणि भरपूर तयार होत असतो; तो शिल्लक राहत नाही, कारण तयार होताक्षणी त्याची उचल होते.

माटुंगा, दादर आणि पुसा

कुजणाऱ्या पदार्थांपासून मिळणारा वायू उपयोगात आणण्याचा भारतातील सर्वांत जुना नोंदलेला प्रयोग मुंबईतील आहे. माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रयगृहात १८९७ मध्ये मैल्यापासून मिळालेला वायू दिव्यांसाठी वापरण्यात आला. पुढे १९३०च्या दशकात दादरच्या सांडपाणी केंद्रातील गाळावरही काम झाले. शेणाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याचे श्रेय मात्र दिल्लीकडे जाते. बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेची इमारत १९३४च्या भूकंपात उद्ध्वस्त झाल्यावर ती संस्था १९३६ मध्ये दिल्लीस हलविण्यात आली. गावाचे नावही तिच्याबरोबर आले. आजची भारतीय कृषी अनुसंधान संस्था ती हीच. तेथे १९३९च्या सुमारास एस. व्ही. देसाई यांनी शेणापासून ज्वलनशील वायू मिळविण्याचे प्रयोग केले. प्रश्न साधा व शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा होता : शेण जाळले तर खत जाते आणि खत केले तर जळण जाते, दोन्ही कसे साधावे?

यानंतरचा इतिहास प्रामुख्याने टाकीच्या बांधणीचा आहे. जशभाई पटेल यांचे तरंगत्या टाकीचे संयंत्र खादी व ग्रामोद्योग आयोगाने देशभर नेले. १९७८ मध्ये उत्तर प्रदेशात स्थिर घुमटाचे ‘जनता’ संयंत्र आले, तर १९८४ मध्ये दिल्लीच्या ‘अफ्रो’ या संस्थेने कमी खर्चाचे ‘दीनबंधू’ संयंत्र विकसित केले. विटा, सिमेंट, घुमटाची वक्रता, वायूची गळती यांवर विस्तार कार्यकर्त्यांचे जेवढे प्रशिक्षण झाले, त्याच्या तुलनेत टाकीच्या आत राहणाऱ्या सजीवांवर फारच थोडे झाले. संयंत्र बंद पडले की गवंड्याला बोलावले जाते, ते यामुळेच.

जिवाणू हायड्रोजन का सोडतात?

कोणताही सजीव अन्नापासून ऊर्जा मिळवितो तेव्हा अन्नातील इलेक्ट्रॉन काढून घेतो. हे इलेक्ट्रॉन शेवटी कोणाच्या तरी स्वाधीन करावे लागतात. माणूस, बैल, गांडूळ हे ते श्वासातून आलेल्या ऑक्सिजनला देतात. पाचकात ऑक्सिजन नाही. तेथील पुष्कळसे जिवाणू आपल्याकडील जादा इलेक्ट्रॉन पाण्यातील हायड्रोजन आयनांवर लादतात आणि हायड्रोजन वायू बाहेर सोडतात. हे काम करणाऱ्या विकरास हायड्रोजनेज म्हणतात. केंब्रिज येथे मार्जरी स्टीफनसन आणि एल. एच. स्टिकलंड यांनी १९३१ मध्ये त्यास हे नाव दिले. या विकराच्या गाभ्यात लोहाचे अणू असतात आणि त्याच्या एका मोठ्या गटात लोहाबरोबर निकेलही असते. विकर एकच, पण व्यवहार दोन्ही बाजूंनी होतो : काही जिवाणू त्याच्या साहाय्याने हायड्रोजन सोडतात, तर काही सूक्ष्मजीव तोच हायड्रोजन घेऊन त्यावर जगतात.

शेणातील तंतुमय पदार्थांचे प्रथम साखरेत विघटन होते. किण्वन करणारे जिवाणू त्या साखरेपासून ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक आम्ले, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन तयार करतात. येथपर्यंत काम झपाट्याने होते. हे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात. पुढचा टप्पा अवघड असतो. प्रोपिऑनिक व ब्युटिरिक आम्लांपासून मिथेन थेट बनत नाही. त्यांचे आधी ॲसेटिक आम्ल व हायड्रोजन यांत रूपांतर व्हावे लागते आणि ते करणारे जिवाणू अगदी वेगळे व विलक्षण नाजूक असतात. भोवतालचा हायड्रोजन अत्यल्प असेल तरच त्यांना या कामातून ऊर्जा मिळते. प्रोपिऑनिक आम्लाच्या बाबतीत ही मर्यादा वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी कडक आहे. हायड्रोजन त्याहून वाढला की रासायनिक हिशेब उलटतो आणि ते जिवाणू अन्नात बुडालेले असूनही उपाशी राहतात.

दिल्लीच्या आझादपूर मंडीचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. गाळ्यावरचा माल उचलला गेला नाही, तर नवीन गाडी रिकामी करण्यास जागा उरत नाही आणि गाड्यांची रांग रस्त्यावर येते. पाचकात हायड्रोजनची उचल करणारे खरेदीदार म्हणजे मिथेनजनक सूक्ष्मजीव. ते हायड्रोजनचे चार रेणू व कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू घेऊन मिथेनचा एक रेणू तयार करतात. (त्यांना व्यवहारात मिथेन जिवाणू म्हटले जाते, परंतु कार्ल वूझ व जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये दाखवून दिल्यापासून ते जिवाणूंपासून निराळ्या, ‘आर्किया’ या गटात मोडतात.) पाचकातील मिथेनपैकी ढोबळमानाने ३० टक्के या मार्गाने आणि उरलेला ७० टक्के ॲसेटिक आम्लाच्या विघटनातून येतो. आकड्याने लहान असलेला हा ३० टक्क्यांचा मार्ग अडला की दुसराही फार काळ चालत नाही.

एक समजलेला जीव दोन निघाला

ही परस्परावलंबनाची गोष्ट उलगडली तीही एका चुकीच्या समजुतीतून. मद्यार्कापासून मिथेन बनविणारा ‘मिथेनोबॅसिलस ओमेलियान्स्की’ नावाचा सूक्ष्मजीव सुमारे पाव शतक एकच शुद्ध जाती म्हणून अभ्यासला जात होता. १९६७ मध्ये मार्व्हिन ब्रायंट, राल्फ वुल्फ आणि वोलिन दांपत्य यांनी दाखविले, की त्या संवर्धनात प्रत्यक्षात दोन जीव एकत्र राहत होते. पहिला मद्यार्कापासून ॲसेटिक आम्ल व हायड्रोजन तयार करीत असे. दुसरा त्या हायड्रोजनपासून मिथेन. पहिल्यास एकटे ठेवले असता त्याने सोडलेला हायड्रोजन साचून त्याचीच वाढ खुंटली. दुसऱ्यास एकटे ठेवले असता मद्यार्क त्याच्या काहीच उपयोगाचा नव्हता. एकाचा कचरा दुसऱ्याचे अन्न असणे निसर्गात जागोजागी दिसते. येथे मात्र कचरा उचलला गेल्याशिवाय पहिल्याला जेवताच येत नाही.

गायीचे कोठीपोट आणि वाळवीचे आतडे

शेणावर चालणारे संयंत्र तुलनेने सहज का सुरू होते, याचे उत्तर गायीच्या पोटात आहे. कोठीपोट हा एक पाचकच असून त्यातही हायड्रोजनची उचल मिथेनजनकच करतात. गाय तो मिथेन ढेकरेवाटे बाहेर टाकते आणि त्यासोबत चाऱ्यातील एकूण ऊर्जेचा २ ते १२ टक्के भाग गमावते. पशुपालकाच्या दृष्टीने हा तोटा आहे. मात्र त्याच कुळातील सूक्ष्मजीव शेणातून संयंत्रात येतात. म्हणजे ताजे शेण हे अन्नही असते आणि विरजणही. भात, पोळ्या, भाज्यांची देठे यांच्याबरोबर असे विरजण येत नाही.

हायड्रोजनची विल्हेवाट लावण्याचा दुसरा मार्गही निसर्गात आहे आणि तो वाळवीने साधला आहे. लाकूड खाणाऱ्या वाळवीच्या आतड्याचे आकारमान पाण्याच्या एका थेंबाहूनही पुष्कळ कमी असते. त्याच्या मध्यभागी ऑक्सिजन नसतो, कडेला तो झिरपत असतो, आणि मधल्या भागात हायड्रोजन इतका साचतो की तेवढ्यात पाचकाचे काम ठप्प झाले असते. वाळवीचे होत नाही. तेथे लाकडाचे विघटन करणाऱ्या एकपेशीय जीवांना एवढा हायड्रोजन चालतो आणि काही मळसूत्राकार जिवाणू त्या हायड्रोजनपासून मिथेनऐवजी ॲसेटिक आम्ल बनवितात. असा जिवाणू, ट्रेपोनेमा प्रिमिशिया, शुद्ध स्वरूपात वाढवून त्याचे हे कार्य १९९९ मध्ये सिद्ध करण्यात आले. ॲसेटिक आम्ल हे वाळवीचे मुख्य अन्न. अशा वाळवीच्या ऊर्जेच्या गरजेपैकी एक तृतीयांशापर्यंत भाग या मार्गाने भागत असल्याचे आढळले आहे. गाय जे ढेकरेतून घालवते, ते वाळवी अंगी लावते. शेतकऱ्यांना वाळवीचे कौतुक ऐकणे रुचणार नाही, परंतु काटकसरीत तिने गायीला मागे टाकले आहे हे मान्य करावे लागेल.

अर्थात ही काटकसर सर्व वाळव्यांची नाही. दिल्ली-हरियाणात गहू व ऊस, आणि महाराष्ट्रातही अनेक पिके पोखरणाऱ्या ओडोन्टोटर्मिस व मायक्रोटर्मिस या प्रजातींच्या वाळव्या वारुळात बुरशीची बाग लावतात. बुरशी पाळणाऱ्या वाळव्यांच्या आतड्यात ॲसेटिक आम्लाचा मार्ग दुबळा असतो आणि मिथेनचा प्रबळ, म्हणजे या बाबतीत त्या गायीच्या बाजूच्या आहेत.

गायीतच मिथेनजनक का जिंकतात? ॲसेटिक आम्ल बनविणाऱ्या जिवाणूंना कामासाठी हायड्रोजन अधिक प्रमाणात लागतो. मिथेनजनक तो त्या पातळीच्याही खाली खेचू शकतात, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याच्या ताटात काही उरत नाही. संयंत्रातही हीच स्पर्धा चालते आणि तेथे आणखी एक गिऱ्हाईक येण्याची शक्यता असते : सल्फेटवर जगणारे जिवाणू. सल्फेट उपलब्ध असेल तर ते हायड्रोजनसाठी मिथेनजनकांनाही मागे सारतात आणि हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू तयार करतात. मद्यार्क कारखान्याचे सांडपाणी किंवा जिप्सममिश्रित पदार्थ संयंत्रात गेल्यास मिथेन घटतो आणि शेगडीचे पितळी भाग काळे पडतात, ते यामुळे.

संयंत्र आंबते म्हणजे काय?

आता पौषातील त्या चुलीकडे परत येता येईल. पाचकातील कामास सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. थंडीत रबडीचे तापमान १५ अंशांच्या आसपास उतरले की सर्वच सूक्ष्मजीव मंदावतात, पण मिथेनजनक अधिक मंदावतात. आम्ल बनविणारे मात्र काम चालू ठेवतात. याच सुमारास शेण वाढविले, की आवक वाढते आणि उचल घटलेलीच राहते. हायड्रोजन साचतो, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक आम्लांचे विघटन थांबते, ती आम्ले साचून सामू ६.५च्या खाली जातो. मिथेनजनकांना ६.८ ते ७.४ सामू लागतो, म्हणून ते आणखी दुबळे होतात. घुमटात दाब राहतो, कारण किण्वनातून कार्बन डायऑक्साइड येतच असतो. परंतु मिथेनचे प्रमाण निम्म्याखाली गेल्यावर तो वायू नीट जळत नाही. खवट लोण्यासारखा वास असतो तो ब्युटिरिक आम्लाचा.

उरलेल्या अन्नावरील संयंत्रात थंडीचे काम पिष्टमय पदार्थ करतात. भात किंवा पिठाचे किण्वन शेणातील तंतूंपेक्षा कितीतरी वेगाने होते. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी विकसित केलेल्या लहान संयंत्राने याच वेगाचा फायदा करून घेतला आणि त्यास २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. थोड्या खाद्यात भरपूर वायू ही त्याची खुबी आहे; पण लग्नसमारंभातील उरलेले अन्न एका दिवशी एकदम ओतले तर तीच खुबी अंगावर उलटते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘निसर्गऋण’ संयंत्रात ही अडचण वेगळ्या रीतीने सोडविलेली आहे. तेथे अन्नाचे प्राथमिक विघटन निराळ्या टाकीत, हवेच्या सान्निध्यात व गरम पाण्याच्या साहाय्याने होते आणि मिथेन बनविणारी टाकी स्वतंत्र असते. दोन वेगांच्या सूक्ष्मजीवांना दोन घरे दिल्याने एकाची घाई दुसऱ्यावर लादली जात नाही.

निदान आणि उपचार

विस्तार कार्यकर्त्याने अशा संयंत्रावर गेल्यावर प्रथम मागील पंधरा दिवसांत काय व किती टाकले याची चौकशी करावी, निकास कुंडीतील रबडीचा वास घ्यावा आणि सामूदर्शक कागदाने सामू पाहावा. सामू ७च्या आसपास असून वायूच कमी असेल तर कारण गळती, थंडी किंवा खाद्याची टंचाई यांत शोधावे. सामू ६.५ किंवा त्याखाली असून वायू येतो पण जळत नाही, असे आढळल्यास खाद्य ताबडतोब बंद करावे. हा सल्ला शेतकऱ्यास उलटा वाटतो आणि पटवून देण्यास वेळ लागतो. परंतु आंबलेल्या संयंत्रात टाकलेले प्रत्येक घमेले आम्लातच भर घालते.

खाद्य थांबविल्यानंतर शेजारच्या चांगल्या चालणाऱ्या संयंत्रातील ताजी रबडी, मिळेल तेवढी, विरजण म्हणून मिसळावी. साचलेली आम्ले हळूहळू खाल्ली जाण्यास एक ते तीन आठवडे लागू शकतात, कारण हे काम करणाऱ्या सूक्ष्मजीवांस दुप्पट होण्यास अनेक दिवस लागतात. चुना टाकण्याची पद्धत सर्रास आढळते. त्याने सामू वर येतो हे खरे. पण चुना घुमटातील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. त्यामुळे बंद घुमटात दाब एकदम उतरून बाहेरची हवा आत ओढली जाण्याचा धोका असतो आणि मूळ दुखणे तसेच राहते. अगदी आवश्यक असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून थोडा थोडा देणे त्यामानाने सुरक्षित. न जळणारा वायू मोकळ्या हवेत, जवळपास आग नसताना सोडून द्यावा. काहीही झाले तरी पाचकात किंवा कुंडीत माणूस उतरवू नये. आतील वायूंनी काही क्षणांत शुद्ध हरपते आणि वाचविण्यास उतरलेला दुसराही बळी पडतो.

ज्योत स्थिर व निळी झाल्यावर नेहमीच्या एक चतुर्थांश खाद्यापासून सुरुवात करावी आणि दर तीन-चार दिवसांनी, सामू पाहूनच, ते वाढवावे. दोन घनमीटरच्या संयंत्रास पूर्ण भारावर रोज सुमारे ५० किलो ताजे शेण व तेवढेच पाणी लागते. थंडीत हे प्रमाण कमी ठेवणेच हिताचे. उत्तरेकडील शेतकरी शेण कालवण्यासाठी उन्हात तापविलेले पाणी वापरतात व घुमटावर पेंढा किंवा पाचट पसरतात. महाराष्ट्रातील नाशिक, निफाडसारख्या थंड पट्ट्यांतही हे उपाय लागू पडतील. शिळे अन्न द्यायचेच असेल तर ते रोज थोडे, बारीक करून आणि शेणात मिसळून द्यावे.

गोठा धुताना फिनेल वापरले असेल तर ते पाणी प्रवेश कुंडीत जाऊ देऊ नये. प्रतिजैविकांचा उपचार चालू असलेल्या जनावराचे शेणही उपचार संपल्यावर काही दिवस वेगळे ठेवून खताच्या खड्ड्यात टाकावे. उपचार किती दिवस चालला, कोणते औषध दिले, हे पशुवैद्यकास विचारून गोठ्याच्या नोंदवहीत लिहून ठेवले, तर पुढे संयंत्र मंदावल्यास कारण शोधण्यास ती नोंद उपयोगी पडते.